चासी जगभर पोचली, मग जेजे-कोबास बंद का पडली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे आर-१५ आहे. तिची डेल्टाबॉक्स फ्रेम मुळात यामाहाची नाहीच, जेजे-कोबास नावाच्या एका छोट्या स्पॅनिश कंपनीने ती आधी काढली, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का? आणि एवढी भारी कल्पना हाताशी होती, वर्ल्ड चॅम्पियनशिपही जिंकली, तर कंपनी काही वर्षांतच गुंडाळली कशी गेली? शेवटचं, तशी अ‍ॅल्युमिनियमची चासी आपल्याकडे बनवून माझ्या गाडीला बसवता येईल का?"

मी दुचाकींच्या चासीवर, म्हणजे फ्रेमवर, काम करतो, त्यामुळे कोबास हे नाव आमच्या टेबलावर अधूनमधून निघतंच. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर बरंचसं "हो" आहे, तिसऱ्याचं जवळजवळ "नाही". खरी गंमत मधल्या प्रश्नात आहे. तुम्ही गृहीत धरलंय की जेजे-कोबास ही मोटारसायकल बनवणारी कंपनी होती आणि ती बुडाली. माझ्या मते ती तशी कंपनी कधी नव्हतीच. ती एका फार हुशार माणसाची चासीची कार्यशाळा होती, आणि विकतचं इंजिन बसवून ती रेस जिंकत होती. हे एकदा नीट धरलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी माणूस. अँटोनियो कोबास, जन्म १९५२, बार्सिलोनाचा. स्पेनचा मोटारसायकल उद्योग बहुतांश बार्सिलोनाच्या आसपासच वसलेला: मोन्तेसा, बुल्ताको, ओसा, सांग्लास, डर्बी, सगळे तिथलेच. फ्रँकोच्या काळात परदेशी गाड्यांना दारं जवळपास बंद होती, त्या आडोशाला ही मंडळी वाढली. कोबास ऐन उमेदीत आला तेव्हा मात्र हे घर पडायला लागलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ओसा आणि बुल्ताको बंद पडल्या, सांग्लास यामाहाच्या पोटात गेली, मोन्तेसात होंडा शिरली. १९८६ साली स्पेन युरोपीय समुदायात गेला आणि उरलासुरला आडोसाही हटला. म्हणजे कोबासला मोठ्या देशी कारखान्याची नोकरी धरून रेसिंग विभागात काम करायचं म्हटलं, तर त्याच्या शहरात डर्बी सोडून तसं फारसं काही उरलं नव्हतं.

त्याने सुरुवात केली ती 'सिरोको' नावाच्या २५० सीसीच्या रेसिंग गाडीपासून, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. मग 'कोबास', आणि १९८३ पासून हासिन्तो मोरियाना यांच्या साथीने 'जेजे-कोबास'. इंजिन मात्र या सगळ्यांत ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं. रोटॅक्स इंजिन विकायची, गाड्या विकत नव्हती, आणि तिचं २५० चं रेसिंग इंजिन पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळायचं. हे इंजिन मुद्दाम लक्षात ठेवा, कारण चासीची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. ते टँडेम ट्विन होतं, म्हणजे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी नाहीत, एकामागे एक. दोन वेगळे क्रँक, गिअरने एकमेकांना जोडलेले. त्यामुळे इंजिन वरच्या अंगाला एका सिलिंडरइतकंच रुंद. अशा अरुंद इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाड तुळया सरळ मागे नेता येतात आणि तरीही गुडघ्यांमध्ये टाकी अवघडत नाही. शेजारी-शेजारी सिलिंडर असलेल्या इंजिनावर हाच विचार करायला गेलात की पहिल्याच रेखाटनात गाडी फुगते.

आता चासी. तेव्हाची बहुतेक रेसिंग गाडी पोलादी नळ्यांच्या दुहेरी पाळण्यात बसायची. १९५० साली नॉर्टनने रेक्स मॅककँडलेसची 'फेदरबेड' चासी आणली, त्याच घराण्यातलं हे. दोन नळ्या स्टीअरिंग हेडपासून, म्हणजे हँडलचा दांडा जिथे बसतो त्या पुढच्या नळकांड्यापासून, वरून मागे जातात, दोन खालून इंजिनला कवेत घेतात. सत्तरच्या दशकात बिनखाचांचे, जास्त पकडीचे स्लिक टायर आले, मागे एकच शॉकअप आला, ताकद वाढली, आणि पाळणा पिळवटायला लागला. वळणात पुढचं चाक एका पातळीत आणि मागचं दुसऱ्या, असं व्हायला लागलं की रायडर म्हणतो "गाडी वाकते". ती खरोखरच वाकत असते.

हे आम्ही कसं मोजतो ते सांगतो, म्हणजे कोबासने काय साधलं ते दिसेल. चासी जिगवर, म्हणजे भक्कम साच्यावर, चिमट्याच्या पिव्होटपाशी (मागचं चाक धरणारा चिमटा चासीला जोडतो तिथे) घट्ट आवळायची. स्टीअरिंग हेडमध्ये बेअरिंगसकट एक भरीव डमी शाफ्ट घालायचा. त्या शाफ्टला आडवी दांडी लावून तिच्या टोकाला वजन टांगायचं, आणि डायल गेज लावून हेड किती फिरलं ते वाचायचं. जुनी नळ्यांची चासी लावली की काटा सरकताना डोळ्यांना दिसतो. पण गेज फक्त हेडला न लावता मधल्या सांध्यांवरही लावले, तर कळतं की सगळी नळी सारखी पिळवटत नाही. जिथे नळी वाकवून वळवली आहे आणि जिथे दोन नळ्या तिरक्या भेटतात, तिथे बरीचशी हालचाल होते. म्हणजे ताकद नेण्याचा रस्ता वाकडा असला की धातू कितीही चांगला असो, तो वळणांवरच हार खातो.

कोबासने १९८२ मध्ये जे केलं ते कागदावर अगदी साधं दिसतं. स्टीअरिंग हेड आणि चिमट्याचा पिव्होट हे दोन बिंदू जोडायचे आहेत ना? मग जमेल तितक्या सरळ रेषेत जोडा. नळीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची उभट पोकळ तुळई घ्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. इंजिन त्यांच्या मध्ये.

अ‍ॅल्युमिनियम का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे बरेच जण फसतात. "हलकं म्हणून" एवढं उत्तर अर्धवट आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, पण ताठरपणाही साधारण एक तृतीयांशच. म्हणजे पोलादी नळीच्या जागी त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी लावली, तर वजन वाचलं आणि तेवढीच चासी मऊही झाली. फायदा होतो तो आकार वाढवल्यावर. नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर पिळाविरुद्धचा ताठरपणा आठपट होतो, वजन फक्त दुप्पट. आता धातू बदला: आठाचा एक तृतीयांश म्हणजे जवळपास अडीच-पावणेतीनपट ताठर, आणि वजन मूळ पोलादी नळीच्या सत्तर टक्क्यांच्या आत. हेच पोलादात करायचं तर वजन परवडेपर्यंत पत्रा इतका पातळ करावा लागतो की तो पोचे पडून चुरगळतो. चपलांचा रिकामा खोका घ्या, झाकण काढून पिळा, मग झाकण चिकटवून पिळा. बंद आणि जाडजूड पोकळी पिळाला का दाद देत नाही, ते हाताला कळेल.

मग यामाहाने ढापलं का? इथे थोडं जपून बोलावं लागतं. "पहिला" कशाला म्हणायचं यावर उत्तर अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियमची चासी म्हणाल तर कावासाकीने १९८० मध्येच केआर-५०० ला अ‍ॅल्युमिनियमचा मोनोकॉक लावला होता. त्याच्याही आधी साठच्या दशकात बार्सिलोनातच ओसासाठी एदुआर्दो जिरोने २५० सीसीची मोनोकॉक रेसर बनवली होती. सान्तियागो हेरेरो तिच्यावर ग्रांप्री जिंकला आणि १९७० मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत तिच्यावरूनच पडून मरण पावला. पण मोनोकॉक म्हणजे एकच मोठा डबा. दोन बाजूंना दोन सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या तुळया, हा मांडणीचा विचार घ्याल तर कोबासचं नाव पहिल्या रांगेत येतं, आणि बहुतेक जाणकार ते श्रेय त्यालाच देतात. यामाहाची ५०० सीसीची डेल्टाबॉक्सवाली, म्हणजे अशाच दोन तुळयांची, गाडी १९८३ ची. तिच्यावर केनी रॉबर्ट्स फ्रेडी स्पेन्सरकडून अवघ्या २ गुणांनी विजेतेपद हरला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या आर्मस्ट्राँगने तर कार्बन फायबरच्या तुळयांची २५० आणली. टायर आणि ताकद वाढल्यावर सगळ्यांपुढे प्रश्न एकच होता, त्यामुळे दोन-चार टेबलांवर मिळतीजुळती उत्तरं निघाली तर त्यात नवल नाही. कोणी कोणाचं पाहून केलं, याच्या भांडणात मी पडत नाही. एवढं नक्की, की कोबासकडे यामाहासारखा चाचणी विभाग नव्हता, आणि तरीही तो त्यांच्या आधी तिथे पोचला होता.

निकालही लगेच आले. १९८३ मध्ये कार्लोस कार्दूस कोबासच्या गाडीवर २५० चा युरोपीय विजेता झाला. १९८४ मध्ये सितो पोन्सने हारामाच्या ट्रॅकवर स्पॅनिश ग्रांप्री जिंकली आणि वर्षअखेर जागतिक क्रमवारीत चौथा आला. घरच्या लोकांसमोर, घरच्या चासीवर.

आता तुमचा मधला प्रश्न. याच १९८४ च्या क्रमवारीकडे पुन्हा बघा. दुसरा आला मानफ्रेड हेरवे, तो 'रिअल' नावाच्या गाडीवर, इंजिन रोटॅक्स. चौथा पोन्स, कोबासवर, इंजिन रोटॅक्स. म्हणजे कोबासचं इंजिन हे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचंही इंजिन होतं. कोबासकडे स्वतःचं असं होतं ते फक्त चासीत. आणि चासी ही रेसिंगमधली सगळ्यात उघडी वस्तू आहे. इंजिनात पोर्टची उंची किती, एक्झॉस्टची लांबी कुठे बदलली, हे प्रतिस्पर्ध्याला बाहेरून सहजी कळत नाही. चासीचं तसं नाही. टाकी आणि फेअरिंग उतरवून गाडी स्टँडवर लावली की सगळा विचार तिथे उघडा पडलेला असतो. पॅडॉकमध्ये फिरणाऱ्या कुणाही जाणत्या माणसाला दोन मिनिटं पुरतात. १९८५ मध्ये यामाहाने टीझेडआर-२५० वर डेल्टाबॉक्स थेट रस्त्यावर आणली. १९८६ मध्ये होंडाची व्हीएफआर-७५० दोन अ‍ॅल्युमिनियम तुळया घेऊन आली. कोबासची आघाडी तिथेच आटली. चासी वाईट झाली नव्हती, सगळ्यांचीच चांगली झाली होती. मग शर्यत पुन्हा इंजिनावर येऊन ठेपली, आणि इंजिन कोबासचं नव्हतं.

त्यातूनही एक खिडकी उघडली, आणि ती नियमांनी उघडली. १९८८ पासून १२५ सीसीच्या वर्गात एकच सिलिंडर असा दंडक आला. गुंतागुंतीची, महागडी दोन सिलिंडरची इंजिनं बाद झाली आणि छोट्या कार्यशाळांना पुन्हा वाव मिळाला. जेजे-कोबासने रोटॅक्सचं सिंगल घेतलं, त्याभोवती चासी बांधली आणि १९८९ मध्ये आलेक्स क्रिविये या १९ वर्षांच्या पोराला बसवलं. आदल्या वर्षी तो डर्बीवर ८० सीसीत दुसरा आला होता. क्रिवियेने होंडावरच्या हान्स स्पानला मागे टाकून जागतिक विजेतेपद घेतलं. १२५ मध्ये चासीचा फायदा सर्वांत स्वच्छ दिसतो, असं मला नेहमी वाटत आलंय. ताकद इतकी कमी असते की वळणातला वेग घालवला तर तो सरळीवर परत कमावता येत नाही. ज्याची गाडी वळणात निःशंक झुकते, तो पुढे.

याच १९८९ चा दुसरा अर्धा भाग व्हिडिओत सहसा नसतो. त्याच वर्षी सितो पोन्सने २५० चं विजेतेपद राखलं, लागोपाठ दुसरं. ते होंडावर, आणि पोन्सच्या संघाचं तांत्रिक डोकं असलेला माणूस कोण? अँटोनियो कोबास. ज्याचं नाव टाकीवर आहे तो माणूस अर्धा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये. यात मला काही वावगं दिसत नाही. होंडाकडे इंजिन होतं, सुटे भाग होते, पोन्सकडे प्रायोजक होते, आणि अभियंत्याला उत्तम इंजिनाभोवती काम करायला मिळालं तर तो जाणारच. पण ज्या छोट्या ब्रँडचं सगळं भांडवल एका डोक्यात आहे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट जड जाते.

रायडरचंही तसंच झालं. क्रिविये १९९० मध्ये २५० ला यामाहावर गेला. १९९१ ला जेजे-कोबासवर परत आला, पण तोवर २५० मध्ये कारखान्यांच्या गाड्यांपुढे तिचा निभाव लागेना. १९९२ ला तो पोन्सच्या संघातून ५०० सीसीच्या होंडावर चढला आणि असेनला जिंकला. ५०० मध्ये ग्रांप्री जिंकणारा तो पहिला स्पॅनिश. पुढे १९९९ मध्ये त्याच वर्गाचा विजेताही झाला. जेजे-कोबास मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच पडद्याआड गेली.

"मग रोटॅक्सवरच चालणारी एप्रिलिया कशी टिकली?" असं कुणीतरी विचारेलच, आणि तो प्रश्न रास्त आहे. एप्रिलियाही ऐंशीच्या दशकात रोटॅक्सच्याच टँडेम ट्विनवर रेस करत होती. १९८७ मध्ये मिसानोला लोरिस रेजियानीने तिला पहिली ग्रांप्री मिळवून दिली. १९९२ मध्ये अलेस्सांद्रो ग्रामिन्यी तिच्या १२५ वर जागतिक विजेता झाला. पुरवठादार एकच, निकाल अगदी वेगळे. फरक असा की नोआलेमध्ये एप्रिलियाचा कारखाना इटालियन पोरांना ५० आणि १२५ सीसीच्या रस्त्यावरच्या गाड्या विकत होता. रविवारी रेसमध्ये जे जिंकलं ते सोमवारी शोरूममध्ये रोख होत होतं, आणि ती रोकड पुन्हा इंजिनाच्या कामात जात होती. रोटॅक्सशी बोलतानाही मोठ्या संख्येने इंजिन उचलणाऱ्या गिऱ्हाइकाचं वजन वेगळं असतं. जेजे-कोबासची विक्री म्हणजे मोजक्या रेसिंग गाड्या. जिंकलं तरी सोमवारी विकायला काही नाही.

म्हणून मी "बुडाली" हा शब्द वापरत नाही. कोबास स्वतः पोन्सच्या संघात पुढे कैक वर्षं काम करत राहिला, अगदी २००४ मध्ये वारला तोपर्यंत. त्याची मांडणी तर तुमच्याकडे उभी आहे. आर-१५ ची डेल्टाबॉक्स पोलादी, २०१२ साली आलेल्या पल्सर २०० एनएसची पेरिमीटर चासी दाबलेल्या पोलादी पत्र्याची. दोन्हींत हेडपासून पिव्होटपर्यंतचा सरळ रस्ता तोच. पोलाद अशासाठी, की आपल्या किमतीत प्रेसमध्ये पत्रा दाबून रोबोने जोडणं परवडतं, आणि दीडशे-दोनशे सीसीला तो ताठरपणा पुरून उरतो.

राहिला तिसरा प्रश्न, चासी बनवून बसवण्याचा. रस्त्यावरच्या गाडीसाठी विषय सोडूनच द्या. चासी नंबर त्या धातूवर कोरलेला असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालत नाही. आरटीओचं एक बाजूला, अपघात झाला तर विम्याचा दावा अडकलाच म्हणून समजा.

फक्त ट्रॅकसाठी म्हणत असाल, तर ते तुमच्या वेल्डरवर अवलंबून आहे, आणि त्याच्या हातापेक्षा जास्त त्याच्या धातूवर आणि जिगवर. बाजारात सहज मिळणारं ६०६१ टी-६ अ‍ॅल्युमिनियम आर्गन वेल्डिंग केल्यावर शिवणीच्या दोन्ही अंगांना मऊ पडतं. ती ताकद परत आणायची तर अख्खी चासी भट्टीत घालून उष्णोपचार करावे लागतात, आणि त्यात ती वेडीवाकडी होऊ शकते. म्हणून चासीला ७०२० सारखा जस्तवाला मिश्रधातू बरा पडतो, तो वेल्डिंगनंतर नुसता ठेवला तरी काही आठवड्यांत बरीचशी ताकद परत धरतो. दुसरी गोष्ट हेडच्या कोनाची. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना शिवण आकसते आणि स्टीअरिंग हेड ओढून नेते. एका बाजूची शिवण सलग मारून मग दुसरी मारली, तर हेड तिकडे झुकलेलंच मिळतं, आणि गाडी हात सोडला की एकीकडे जाते. सगळीकडे आधी टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके), मग दोन्ही बाजूंना आलटून पालटून छोटे तुकडे, आणि चासी पूर्ण गार झाल्याशिवाय जिगमधून काढायची नाही.

एवढा खर्च करण्याआधी एक स्वस्त तपासणी करा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडखळतंय का बघा. अडखळलं तर बॉल रेसर गेलेत. मग मागचं चाक उचला, चिमटा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवा आणि पिव्होटपाशी बोट ठेवा. खटका लागला तर बुश गेलेत. वळणात गाडी वाकते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आर-१५ मध्ये मला या दोनपैकी एक तरी सहसा सापडतंच.